आत्तींच्या पलंगातला भुंगा

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांच्या आंब्याच्या पलंगाखाली यंदा उन्हाळ्यात भुसा पडायला लागला. दुपारी घर शांत झालं की लाकडातून कुरकुर ऐकू यायची. आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत खोडं पोखरतो, त्याच भुंग्याची ही अळी. बागायतदार सोडले तर तो फारसा कुणाला माहीत नाही. वाळक्या लाकडात वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पावसाळ्यात बाहेर पडतो, मातकट रंगाचा, लांब मिशांचा.

मी बागेतल्या औषधाची सिरिंज आणली, तर आत्तींनी हात आडवा धरला.

"बागेत मारतो ते पोटासाठी. घरात मुद्दाम न्हाई मारायचं. पावसाळ्यात जाईल की उडून. तुझं काय खातोय?"

"पलंग खातोय, आत्ती."

"माझा हाय पलंग. खाऊ दे."

मी बरं म्हटलं. पण दाराच्या चौकटी नव्या होत्या, तो त्यांतही शिरेल अशी भीती होती, आणि सारखं झाडून मला कंटाळा आला होता. आत्ती बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला गेल्या तेव्हा मी पलंगाच्या फटीत औषध सोडलं, वर मेण लावलं आणि मोकळी झाले.

कुरकुर थांबली. आत्ती रोज दुपारी पलंगाला कान लावायच्या. "झोपलाय वाटतं," म्हणायच्या. मी कामाला लागायचे. जून लागला तशी त्यांनी खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली, त्याला बाहेर जाता यावं म्हणून. घरात डास झाले. मग मात्र मला राहवेना. सांगून टाकलं.

"कवा?"

"तुम्ही बस्तीत गेला होता तेव्हा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी उपवास धरला.

"मारलं मी, उपवास तुम्ही का?"

"पलंग माझा. आणि तुला उपाशी राहिलं की पित्त होतंय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलटून बोलले असते.

दुपारी मी जेवले. बागेत माणसं होती, उपाशी राहून भागणार नव्हतं. दिवस मावळायच्या आत आत्तींना उकळलेलं पाणी नेऊन दिलं, उपवासात तेवढंच चालतं. भांडं परत देत त्या म्हणाल्या, "ते मेण काढ."

मी खिळ्यानं काढलं. आतून चिमूटभर भुसा सांडला. सवयीनं माझा हात फडक्याकडे गेला.

"राहू दे," आत्ती म्हणाल्या, आणि उठून खिडकी लावून घेतली.