खेदाच्या शब्दाचं मूळ

इंदिरानगरात एक निवृत्त शिक्षक रविवारी सकाळी एस्पेरांतो शिकवायचे. कुठल्याच देशाची नसलेली, मुद्दाम घडवलेली भाषा. मी फुलांचा व्यापारी, हातगाडीवरून वर आलेला. गुलाब परदेशात पाठवायला कामी येईल म्हणून गेलो. ती भाषा कुठल्याच बाजारात चालत नाही हे कळेपर्यंत मला गोडी लागली होती.

सरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपला शब्दांच्या मुळांचा जाड कोश विकायला काढला. तो वर्गातल्याच कुणाकडे जावा, एवढीच इच्छा. त्यांनी भाव सांगितला. मी निम्म्यावर आणला.

"कडेला सगळे शाईचे डाग आहेत, सर."

सर हसले. "घेऊन जा. मेथीची जुडी घ्यावी तसा घेताय, पण घ्या."

वर्ग खो खो हसला. माझं डोकं फिरलं. पैसे टेबलावर आपटले, कोश उचलला आणि पुन्हा तिकडे गेलो नाही. सर माफी मागतील म्हणून तीन वर्षं थांबलो. रागाने कोशही उघडला नाही.

गेल्या महिन्यात कळलं, सर आता माणसं ओळखत नाहीत. त्या दिवशी कोश काढला आणि खेद वाटण्याचा शब्द शोधला: बेदौरी. जर्मन बेडाउअर्नवरून घेतलेला. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ, एखादी गोष्ट फार महाग वाटणे. महाग या अर्थाचा जर्मन टॉयर त्याच कुळातला, इंग्रजी डिअरसुद्धा. कडेला सरांच्या बारीक अक्षरात मराठी टिपण होतं. पानोपानी होती तशी टिपणं. ते डाग नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण माल घेताना खोट काढायची असते.

कोश आणि निशिगंधाची जुडी घेऊन गेलो. "मी बेदौरास," म्हणालो. त्या भाषेतही 'मी' म्हणजे मीच.

सरांनी फुलांकडे बघितलं. "केवढ्याला दिली?"

"सर, मी तुमचा विद्यार्थी."

"बरं, पण केवढ्याला?"

"सगळ्यांना हेच विचारतात हो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "कोश तुम्हीच न्या परत. इथे आता कोण वाचणार?"

सर हात पुढे करून भावाची वाट बघत होते. उभा जन्म भाव सांगण्यात गेला माझा. तिथे एक आकडा तोंडातून निघेना.