खाम्फानचा बाण आणि फेंगसीचा राग

खोकसी गावात माणसाला डोक्यावर घेतात ते खरोखर खांद्यावर बसवून, आणि मातीत घालतात तेही खरोखर. सहाव्या महिन्यात, आभाळातल्या देवाला पावसाची आठवण करून द्यायला अग्निबाण सोडतात, तेव्हा दोन्हीची सोय केलेली असते. ज्याचा बाण उंच गेला त्याला खांद्यावर बसवून वाजतगाजत फिरवायचं, ज्याचा मचाणावरच फुसफुसला त्याला हातपाय धरून मैदानाच्या कडेच्या चिखलात भिरकवायचं. खाम्फानने दोन्ही मान अनेकदा घेतले होते, आणि एकही त्याला मानवला नव्हता.

बाण चढला की हा माणूस महिनाभर जमिनीवर येत नसे. दुपारपासून भाताची दारू, संध्याकाळी पारावर भाषण. सोरा किती, कोळसा कोणत्या लाकडाचा, तो किती कुटायचा, हे तो ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगे. आणि बाण पडला की महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपे. जेवायला हाक मारली तर म्हणे, "मला कशाला वाढताय? मी मेलेलाच आहे." मेलेला माणूस चिकट भाताची टोपली मात्र रिकामी करून ठेवी. नेमक्या त्याच महिन्यात भाताचं रोप टाकायचं असतं. ते बायको टाकायची.

बायकोचं नाव फेंगसी. घर तिचं, शेत तिचं, म्हैसही तिच्या आईकडची. खोकसीत लग्न झालं की पुरुषच बायकोच्या घरी राहायला जातो, त्यामुळे गावातले सगळेच घरजावई, आणि घरजावई या शब्दाची कुणाला लाज वाटत नाही. पण घराचा मालक कोण, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे यंदा बाण भरायला घेतला त्या दिवशी फेंगसी जे बोलली, त्याने खाम्फानच्या हातातली मुसळी थांबली.

"ऐका. यंदा बाण वर जाऊ दे नाहीतर खड्ड्यात. उत्सवानंतर तुम्ही फुगलात किंवा आडवे झालात, तर मी डोकं भादरून विहारात जाऊन राहणार. घर पोरीच्या नावावर करून."

"अगं, काय बोलतेस?"

"पांढरी वस्त्रं शिवून ठेवलीत. दाखवू?"

तिने दाखवली. चांगली शिवली होती, मापातही बरोबर होती. खाम्फानला घाम फुटला. त्याने पंच्याने तोंड पुसलं आणि तडक विहाराचा रस्ता धरला.

थोरले भंते अंगणात पान कुटत बसले होते. भंतेंना दात राहिले नव्हते, पण पानाची हौस गेली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, जगात आठ वारे वाहतात. लाभ आणि हानी, मान आणि अपमान, स्तुती आणि निंदा, सुख आणि दुःख. तू आठही वाऱ्यांना दार उघडं टाकून बसलायस."

"बंद कसं करू, भंते?"

"बंद होत नाही. आला की म्हणावं, आला. गेला की म्हणावं, गेला. बस्स."

"एवढंच?"

"करून बघ."

खाम्फानने करून बघितलं, आणि गावाची करमणूक झाली. कोंबडीचं पिल्लू घारीने उचललं, हा शांतपणे म्हणाला, "गेलं." फेंगसी झाडू घेऊन घारीमागे धावत होती. तिने वळून पाहिलं आणि तो झाडू याच्यावर फेकला. "आला," खाम्फान म्हणाला. मग शेजारचा थोंगमुआन, जो दरवर्षी याच्याविरुद्ध बाण उडवायचा, त्याने मुद्दाम कुंपणावर येऊन कळ काढली.

"काय रे खाम्फान, यंदा बाणात सोरा घातलायस की मीठ?"

"आली," खाम्फान म्हणाला.

"कोण आली?"

"निंदा."

थोंगमुआन इतका चकित झाला की त्याला पुढची शिवी सुचेना. या विजयाने खाम्फानच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो चार घरं फिरून आला. "काल थोंगमुआन मला नको नको ते बोलला. आणि सांगू? मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तुम्ही असता तर चिडला असता." पाचव्या घरी जाताना वाटेत भंते भेटले. त्यांनाही त्याने सांगितलं.

"न वाटल्याचं एवढं वाटतंय तुला?" भंतेंनी विचारलं, आणि काठी टेकत पुढे निघून गेले. खाम्फान पाचव्या घरी गेला नाही, पण त्याचा जीव मात्र तिकडेच ओढत होता.

फेंगसीवर या साधनेचा काडीचा परिणाम झाला नाही. "उत्सवात बघू," एवढंच ती म्हणे.

उत्सवाचा दिवस उजाडला. ढोल, नाच, तोंडाला काजळी फासलेली पोरं, सगळं रीतसर. थोंगमुआनचा बाण मध्यम गेला, मध्यम पडला, आणि लोक मध्यम ओरडले. मग खाम्फानच्या बाणाची वात पेटवली. बाणाने मचाणावर क्षणभर विचार केला आणि असा काही निघाला की ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. सरळ वर. लांब बांबूची शेपटी जराही न डगमगता वर, आणखी वर, आणि मैदानावर आलेल्या एकुलत्या एक ढगात शिरला.

आणि आलाच नाही.

सगळं गाव माना वर करून उभं राहिलं. सरपंच पंच होते, त्यांच्याकडे दुर्बीण होती. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं. ढग तेवढा दिसत होता. "फुटला! मी आवाज ऐकला," थोंगमुआनची माणसं म्हणाली. "तो आवाज ढोलाचा होता! देवाच्या दारात पोचला बाण!" खाम्फानची माणसं म्हणाली आणि त्यांनी त्याला खांद्यावर उचललं. त्याच वेळी दुसऱ्यांनी त्याचे पाय धरले आणि चिखलाकडे ओढू लागले. खाम्फानचं अर्धं अंग मानात आणि अर्धं अपमानात. त्याने भंतेंचं औषध आठवलं, पण आता आला म्हणायचं की गेला, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात खांदेकऱ्यांचा हात सुटला आणि तो सपशेल चिखलात बसला.

सरपंचांनी घसा साफ करून निकाल दिला. "जो खाली येताना दिसला नाही, तो बाद."

खाम्फान मनात शोधत होता. राग येतोय का? भिंत आठवतेय का? अजून काही हाती लागलं नव्हतं, तोच माणसांची गर्दी फाडत फेंगसी पुढे आली. आजवर उत्सवाच्या दिवशी ती घरी म्हशीपाशी असे. आज पदर खोचून ती थेट सरपंचांच्या अंगावर गेली.

"बाद? डोळे आहेत की बिब्बे? माझ्या माणसाचा बाण ढगाच्या पोटात शिरलेला मी पाहिलाय! आण ती दुर्बीण इकडे!"

"काकू, नियम आहे..."

"नियम गेला चुलीत! तुझ्या बापाचा बाण पडला होता तेव्हा नियम नव्हता. त्याला खांद्यावरून नेलं होतं, कारण तो सरपंच होता!"

फेंगसीने दुर्बीण हिसकली, दुर्बिणीसह मागे सरकली, आणि पाय घसरून नवऱ्याशेजारी चिखलात आली. सरपंचांनी वाकून दुर्बीण तेवढी परत घेतली. फेंगसी उठली नाही. रागारागाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

खाम्फान तिच्याकडे बघतच राहिला. "तुला बाणाचं कधीपासून पडलंय?"

"तुम्ही या घरात आलात तेव्हापासून."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"कधी बोलू? पडला की तुम्ही आडवे. मीही आडवी झाले असते तर म्हशीला पाणी कोणी दाखवलं असतं? चढला की तुम्ही नाचत. मलाही नाचायचं होतं हो! पण दोघं नाचलो असतो तर रोप कोणी टाकलं असतं?" तिने नाक ओढलं. "तुमचं सुख तुम्ही भोगलंत, दुःखही तुम्हीच भोगलंत. माझ्या वाट्याला काही ठेवलंच नाहीत."

इतकी वर्षं तो बायकोला थंड डोक्याची समजत आला होता. पारावर कौतुकानेही सांगायचा, आमच्या हिला कशाचं काही वाटत नाही म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग आता विहारात जाणार?" त्याने घाबरत विचारलं.

"विहाराचं नंतर. आधी या सरपंचाच्या दारात जाऊन बोंब मारायचीय."

"ती उद्या मार. आज तू रड. म्हशीचं मी बघतो."

फेंगसीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "हे भंतेंनी शिकवलंय का?"

"नाही."

मग ती रडली. भरल्या मैदानात, चिखलात बसून, मोठ्याने, लहान पोरीसारखी हुंदके देत. मध्येच सरपंचाला शिव्या, मध्येच बाण काय सुंदर गेला याचं वर्णन. खाम्फान तिचा चिखलाचा हात धरून बसून राहिला. ढोलवाला आधी थांबला, मग त्याने दुसरीकडे जाऊन वाजवायला सुरुवात केली.

घरी येऊन ती झोपली ती दुसऱ्या दिवशीही उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरातून मधूनमधून तिचा आवाज येई, "आंधळा मेला सरपंच!" आणि त्यामागून एखादं हसू. खाम्फानने म्हशीला पाणी दाखवलं, भात शिजवला. भात कच्चा राहिला, तो तिने परत पाठवला, त्याने पुन्हा वाफवला. मग शेतात चिखलणी केली आणि जन्मात पहिल्यांदा एकट्याने रोप टाकलं. बियाणं इथे दाट, तिथे विरळ, वाफा धड चौकोनी नाही की धड गोल नाही.

थोंगमुआन बांधावर येऊन पोट धरून हसला. "अरे खाम्फान, हे रोप आहे की म्हशीची गोधडी? बाण ढगात हरवला, आता भातही हरवतोस की काय?" तो बराच वेळ बोलत होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांनीही थांबून हसून घेतलं. खाम्फानने मान वर केली नाही, आला म्हटलं नाही, गेला म्हटलं नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं. बांधापलीकडच्या, खांबांवर उभ्या घराच्या शिडीवर फेंगसीचं पाऊल वाजलं होतं, आणि ती जेवून उतरतेय की न जेवता, हे पावलाच्या आवाजावरून ओळखण्यात तो गुंतला होता.