न रुसलेले साडभाऊ

आमच्या साडभाऊंना या जगात परका माणूस कधी भेटलाच नाही. हे वाक्य मी कितीतरी वर्षं लिहायचं टाळत आलो, कारण ते लिहिलं की पुढचंही लिहावं लागतं, आणि पुढचं माझ्या अंगावर येतं. परवा पुतणीच्या लग्नाची बैठक बसली होती. टोपी-दुपट्ट्याचा मान कोणाकोणाला द्यायचा हे ठरत असताना भाचा म्हणाला, "कोणाले विसरू नका बरं, नाही तर साडभाऊंसारखं होईल. ऐन लग्नात रुसून बसले होते." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. साडभाऊ जाऊन वर्ष उलटलं, आणि आमच्या घराण्यात त्यांची आठवण उरली ती एवढीच: रुसणारा माणूस.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान; तेही मला साडभाऊच म्हणत. मूळचे उमरेडचे. घरी हातमाग होता, पण ते त्यावर बसले नाहीत. हिंगण्याच्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर झाले आणि जन्मभर लोकांना शिफ्टला सोडत राहिले. निवृत्त झाल्यावर काही दिवस घरात बसले, पण तेवढ्यात त्यांनी ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, स्वयंपाकाचं असं काही टाइमटेबल लावलं की ताईंनी जुनी व्हॅन घ्यायला स्वतःच हो म्हटलं. त्या व्हॅनमधून ते पोरं दवाखान्यात नेऊ लागले. हिंगण्याला छत्तीसगडकडून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं एकेका खोलीत राहतात. त्यातल्या कोणाचं मूल चालू शकत नाही, कोणाचं बोलू शकत नाही. गावी असतं तर आजी, काकू, कोणीतरी उचलून घेतलं असतं. इथे आई-बाप दोघंही कामावर, शहरातल्या धंतोलीच्या दवाखान्यातली मराठी कळत नाही, आणि जिथे जावं तिथे पहिला प्रश्न एकच: इथलं तुमचं कोण?

या प्रश्नावर साडभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. छाती काढून म्हणायचे, "मी. आजोबा."

काउंटरवरची मुलगी एकदा वैतागली. "काका, मागच्या हप्त्यात तुम्ही दुसऱ्याच पोराचे आजोबा होते ना?"

"मंग? आजोबाले एकच नातू राहते काय वं? तुह्या आजोबाले किती आहेत, मोज बरं!"

तिने मोजले असावेत, कारण पुढे ती स्वतःच "आजोबा, आज कोणती नात?" असं विचारू लागली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मोठ्या दवाखान्यात चकरा माराव्या लागत, तेव्हा ते रांगेतल्या सगळ्यांशी नातं जोडून टाकत. पारशिवनीचा माणूस दिसला की तो सासरचा, उमरेडचा दिसला की भावकीतला. रांग पुढे सरकेपर्यंत तिचं कुटुंब झालेलं असे.

बस सुटली तरी ड्रायव्हरकी सुटली नव्हती. सकाळची पोरं म्हणजे फस्ट शिफ्ट, दुपारची सेकंड. कोणी आजारी असलं की "आज एक सीट खाली" म्हणून दिवसभर उदास. व्हॅनमध्ये एक जाड लाकडी फळी असायची, त्यांच्या वडिलांची हातमागावर बसायची. कुठेही पायरी दिसली की साडभाऊ कोणाला न विचारता ती फळी टाकायचे आणि व्हीलचेअर वर चढवायचे. दवाखाना, देऊळ, तर्री-पोह्याचं दुकान, काहीही. शहरातल्या इमारती ते पायऱ्यांवरून ओळखत. एका नव्याकोऱ्या दवाखान्याबद्दल त्यांचं मत एवढंच होतं, "आतून मस्त आहे, पण वर जाईल कोन? तब्येतीनं चांगला असन तोच!"

दवाखान्यातले व्यायाम पाहून पाहून त्यांना पाठ झाले होते, आणि मग नातेवाइकांची खैर राहिली नाही. गप्पा मारता मारता ते समोरच्याचा पाय मांडीवर ओढून घेत आणि टाच दाबत. एकदा कोणाच्या तेराव्याला गेलो असताना त्यांनी घरच्या म्हाताऱ्या बुवांचा गुडघा धरला. बुवा आधी कळवळले, मग म्हणाले, "दुसराही पाहून द्या जी." शोकाला आलेली अर्धी माणसं त्यांच्यापुढे पाय पसरून बसली होती.

त्यांची सगळ्यात लाडकी सीट म्हणजे फुलेश्वरी. सात-आठ वर्षांची, हातपाय ताठ, मुठी कायम आवळलेल्या. बोलता येत नसे, पण खूश झाली की "होऽऽ" अशी लांब आरोळी द्यायची. मूठ उघडायचा सराव तिला तांदळाचे दाणे देऊन करायला सांगितला होता, आणि साडभाऊंनी त्या सरावाला मुहूर्त लावला: माझ्या मुलीचं लग्न. "ताईच्या लग्नात अक्षता टाकायच्या आपल्याले," असं तिला रोज सांगायचे. तिची आई सांगायची, "बाबूजी, रात को भी मुठ्ठी खोलती है, नींद में."

लग्नाच्या दिवशी साडभाऊ सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी लॉनवर हजर. फळी थेट स्टेजच्या पायऱ्यांवर, आणि पिवळ्या फ्रॉकमधली फुलेश्वरी आईसोबत पहिल्या रांगेत. व्याही पुण्याकडचे, मोठी माणसं. मी लगबगीने साडभाऊंकडे गेलो.

"साडभाऊ, हे काय? पोरगी मधातच ओरडन ना!"

"ओरडते कोठं जी? खूश झाली का गाते थे."

"लग्न लागेपर्यंत मागच्या खोलीत बसवा. व्याह्यानं विचारलं कोन आहे, तर मी काय सांगू?"

"नात म्हनून सांगा."

"थे आपली कोनी लागत नाही," मी म्हणालो. फुलेश्वरीची आई शेजारीच उभी होती. तिला तेवढी मराठी कळत होती.

साडभाऊ स्टेजकडे गेले. त्यांनी स्वतःच फळी उचलली.

मंगलाष्टकं झाली. शेवटच्या "सावधान"वर अक्षता उडाल्या, आणि पाठोपाठ मागून लांब, आनंदी "होऽऽ" आलं. व्याह्यांनी मान वळवली. "बाजूच्या लॉनमधलं असन कोनी," मी म्हणालो. मग मान द्यायची वेळ आली. माइकवरून साडभाऊंचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. व्याही म्हणाले, "तुमचे साडू दिसत नाहीत?" आणि माइकसमोरच माझ्या तोंडून निघून गेलं, "रुसले असतील." लग्नात पाहुण्याचं रुसणं कोणालाही पटतं. मंडप हसला, आणि ती गोष्ट पक्की झाली.

टोपी-दुपट्टा घेऊन मी मागे गेलो. स्वयंपाकाच्या भांड्यांमध्ये साडभाऊ उकिडवे बसले होते. त्यांच्या पांढऱ्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशावर पिवळ्या अक्षता. फुलेश्वरीचा हात उघडा होता.

"पाहा जी साडभाऊ, मूठ उघडली! सारी!" ते म्हणाले. मी टोपी पुढे केली, तर डोकं मागे घेतलं. "आता नोको. अक्षता पडतीन."

माइक त्यांनीही ऐकला होता. नंतर कोणी चिडवलं की म्हणायचे, "हौ, रुसलो होतो. मानसानं एखाद्या वेळी रुसावं जी, बायको विचारते मंग." मला त्यांनी कधी उघडं पाडलं नाही. मी माफी मागायला कितीदा गेलो. दर वेळी त्यांनी एखादं मूल माझ्या मांडीवर ठेवलं. एकदा धंतोलीत फुलेश्वरीला माझ्याकडे देऊन ते गाडी लावायला गेले. तेवढ्यात काउंटरवरून प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी. आजोबा." फुलेश्वरीने माझ्या कानाशी अशी आरोळी ठोकली की सगळा दवाखाना वळून पाहू लागला. या वेळी मी कुठल्या दुसऱ्या लॉनकडे बोट दाखवलं नाही.

साडभाऊ आले, तसा मी म्हणालो, "साडभाऊ, थे लग्नातलं..."

"टाच धरा पहिले. सरकून राहिली," ते म्हणाले. मी टाच धरली, आणि बोलणं राहिलं.

ताईंनी ती फळी आता माझ्याकडे दिली आहे. पुतणीच्या लग्नात ती स्टेजच्या पायऱ्यांवर मी स्वतः टाकणार आहे, आणि फुलेश्वरी पहिल्या रांगेत बसेल. कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते मला आता येतं. पण ज्यांना सांगायचं होतं, ते ऐकायला नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो. साडभाऊ, तुमी रुसले नव्हते. मले लाज वाटली होती, पोरीचीही अन् तुमचीही. चुकलं माझं.