मारुतरावांच्या गाण्याचा शेवट

मांडवगण फराट्याचा बिरदेव लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा आणि भजनात पेटी. पण कुणी पेटीवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. तो संगीतकार होता, बरं का. गावात कुणाची फजिती झाली की आठ दिवसांत त्याचं गाणं तयार. गाणं कसलं, पेटीच्या सुरावर बोलत सांगायची हकीकत. जळक्या ट्रान्सफॉर्मरवर तीन, सरपंचाच्या नव्या दातांवर एक. लोक पोट धरून हसायचे.

सगळ्यात नामी गाणं मात्र बारा वर्षांत एकदाही पुरं झालं नव्हतं. ते सोसायटीचे चेअरमन मारुतराव, म्हणजे गावाचे आप्पा, यांच्यावर होतं. मारुतराव रोज कुठल्या तरी दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण ठोकायचे. त्या सवयीनं त्यांनी दगडोबाच्या पंच्याहत्तरीच्या सत्कारात समोर बसलेल्या दगडोबाच्या आत्म्याला शांती चिंतली आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. आता यावर गाणं करायचं नाही तर कशावर? पण शेवटचं कडवं आलं की मारुतराव नुसतं ‘बास’ म्हणायचे. मग बिरदेव निमूट पेटी मिटायचा आणि रात्रभर तळमळायचा.

गेल्या महिन्यात मारुतराव गेले. दहाव्याला नदीच्या घाटावर भजनाला बिरदेवच होता. पिंडाला कावळा शिवला की माणसाची इच्छा राहिली नाही, असं समजायचं. साडेअकरा वाजले तरी कावळा लिंबावरच. मुलगा सत्यजीतनं हात जोडून सोसायटी सांभाळीन म्हटलं, बहिणीला अंतर देणार नाही म्हटलं, शेवटी चुलत्याशी बोलायचंही कबूल केलं. कावळा ढिम्म हलेना.

तेव्हा मारुतरावांच्या पत्नी सरूबाई बोलल्या, “बिरदेवा, ते गानं म्हन. ह्यांनी बंद पाडलं खरं, पन शेवट काय असंल म्हनून मला कितींदा इचारायचे.”

बिरदेवनं पेटी पुढं ओढली. बारा वर्षांनी संधी आली, तीही दहाव्याला. तो म्हणत गेला, कुणी हसेना. शेवटचं कडवं आलं आणि कावळा खाली उतरून पिंडाकडं निघाला. सुटलो एकदाचे, म्हणून लोक उठायला लागले. बिरदेवला राहवलं नाही.

“हाऽऽड!” त्यानं कावळा हाकलला.

सत्यजीतनं बाह्या सरसावल्या. “डोकं फिरलं का रं तुझं?”

“दोनच वळी राहिल्यात, दादा. मग मारा.”

“बसा समदी खाली,” सरूबाई म्हणाल्या.

बिरदेवनं डोळे मिटले आणि सूर धरला.

“समदी उठली, माना खाली, दगडोबाबी उठला,
‘दोन मिन्टं झाली, आप्पा, आता बसू का?’ म्हटला.”

सरूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून सुना जवळ सरकल्या, तर बाई हसत होत्या. मग पुढच्या रांगेतला सत्त्याऐंशी वर्षांचा दगडोबा हसला आणि सगळा घाट हसत सुटला.

हसणं ओसरल्यावर कुणीतरी पिंडाकडं पाहिलं. पत्रावळ पार विस्कटलेली होती. कावळा कधी येऊन गेला, कुणालाच कळलं नव्हतं.

“ऐकलं बाबा ह्यांनी,” सरूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

बिरदेव पेटीवर डोकं टेकून रडत होता.