मी अवघड करून सांगितलेली वाट

सहा वर्षं मी बायकोला एका सोप्या वाटेबद्दल खोटं सांगत आलो. खोटं तसं साधंच होतं: वाट अवघड आहे, तुला झेपणार नाही. पण खोट्याला खतपाणी घालावं लागतं, आणि ते मी दर रविवारी न चुकता घातलं.

खरं काय ते आधी सांगून टाकतो. मला एकट्याला जायचं होतं. सोमवार ते शनिवार सांवेर रोडच्या एका कारखान्यात माझी नोकरी. दिवसभर मशिनांचा आवाज आणि त्यावर ओरडणारी माणसं. घर शहरात, अन्नपूर्णा भागात, दोन खोल्यांचं. तिथे टीव्ही, कुकर, लेकीचा अभ्यास आणि आल्यागेल्याचं चहापाणी. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी वजनावरून झापलं, म्हणून गिअरची सायकल घेतली. आधी जवळच्या रालामंडलच्या टेकडीपर्यंत, मग हळूहळू खंडवा रोडनं सिमरोळच्याही पुढे जायला लागलो. तिथे एका खेड्यात चहाच्या टपरीपाशी सायकल लावायची आणि पायवाटेला लागायचं. सागाचं रान, मध्ये एक ओढा, मग बेताचा चढ आणि वर एक उघडी टेकडी. तिथून खालचं सगळं खोरं दिसतं. जाऊन येऊन दोन तास. पहिल्यांदा वर बसलो तेव्हा अर्धा तास मला कुणी हाक मारली नाही. एवढ्यानं माझे डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी घरी वर्णन करून सांगितलं आणि बायको म्हणाली, "मलाही न्या की एकदा."

आता इथे साधं उत्तर देता आलं असतं. पण आमच्या घराण्यात साधं बोलणं कमीपणाचं मानतात. आमचे पूर्वज म्हणे होळकरांच्या घोडदळात होते. घोडदळ गेलं, घोडे गेले, फुशारकी तेवढी वारशात आली. माझ्या काकांची महूची बस चुकली तरी त्याची मोहीम होते आणि ती दिवाळीपर्यंत पुरते. त्या वळणावर जाऊन मी म्हणालो, "तुला नाही जमणार. मध्ये एक जागा आहे, ओढ्यापाशी. एका बाजूला कडा, पाय ठेवायला वीतभर जागा. घसरलं की संपलं."

ती उठून कुकर लावायला गेली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी तो कडा थोडा वाढला. त्याच्या पुढच्या रविवारी शेवाळ आलं. एकदा तेजाजीनगरच्या सपाट डांबरी रस्त्यावर कुत्रं आडवं आलं आणि मी सायकलवरून पडलो, कोपर सोललं. घरी सांगितलं, त्या जागी घसरलो. तिनं हळद लावली. लावताना ती पुन्हा पुन्हा विचारत होती, अजून कुठे लागलं का. मला त्या वेळी वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आजही या सगळ्यात त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

आणखी एक गोष्ट मी सोयीनं विसरलो होतो. बायको साताऱ्याकडची. तिच्या माहेरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं अंगणातून बोट दाखवलं होतं: ती समोरची टेकडी, तिच्या पलीकडे आमची शाळा. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचो, असंही म्हणाली होती. अशा बाईला मी खंडवा रोडच्या टेकडीची भीती घालत होतो.

तिची एकच अट असे. रानात फोन लागत नाही, तर खाली उतरलात की लगेच कळवायचं. मी हो म्हणायचो. साडेआठला खाली यायचो. टपरीवर पोहे-जलेबी खायचो, वर जिरावन मसाला भुरभुरून अजून एक प्लेट पोहे. मग पेपर, मग टपरीवाल्याशी गप्पा. दहाच्या सुमाराला आठवण झाली की फोन लावायचो, "उतरलो गं." ती म्हणायची, "बरं." मागे लगेच भांड्यांचा आवाज व्हायचा. तो कसला, असा विचार मी कधी केला नाही.

गेल्या नोव्हेंबरात बायकोचा वाढदिवस रविवारी आला. लेक अकरावीत आहे. तिनं जाहीर केलं, "बाबा, या वेळी आईला तुमच्या ट्रेलवर न्यायचं. नो बहाना."

"अगं, आईला ते…"

"आईला मी पकडते ना."

मी साप काढले, बिबट्या काढला. ती म्हणाली, "अरे बाबा, लोक रील बनवतात तिकडे." आणि शनिवारी संध्याकाळी बायकोनं लेकीचे जुने कॅनव्हासचे बूट धुऊन गॅलरीत वाळत घातलेले मी पाहिले. रात्रभर मला त्या ओढ्याचंच टेन्शन.

सकाळी गाडीनं गेलो. टपरीवाला मला पाहून हसला, "आज पूरी फॅमिली, भिया?" मी घाईनं दोघींना पुढे काढलं, हा अजून काही बोलायला नको. वाटेला लागलो. पिवळं गवत, वाळलेल्या सागाच्या पानांचा पायाखाली कुरकुर आवाज. बायको साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून आली होती आणि अशी चालत होती की मला मागून धापा टाकत यावं लागत होतं. लेक दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बाबा, तो डेंजरवाला पॅच कधी येणार?"

"येईल, येईल," मी म्हणत होतो. अंगाला घाम सुटला होता आणि तो चढाचा नव्हता.

ओढा आला. घोट्याएवढं पाणी. मध्ये चार सपाट दगड, कुणीतरी मुद्दाम टाकलेले. कड्याच्या जागी कमरेएवढा एक खडक, त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

त्या क्षणी हसून सगळं कबूल करता आलं असतं. दोघी मला महिनाभर चिडवत राहिल्या असत्या, बस. पण मी म्हणालो, "हीच ती जागा."

लेक काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मला वाटलं, घाबरली. मी पहिल्या दगडावर उभा राहिलो, पाय फाकवून, आणि हात पुढे केला. "माझ्यावर भार टाक. खाली बघू नकोस." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि हात धरला. अगदी हळू, एकेक पाऊल टाकत पलीकडे आली. मग लेकीला म्हणाली, "जपून गं. बाबा सांगतायत तसा पाय ठेव." लेकही माझा हात धरून आली.

आम्ही पलीकडे टेकतो न टेकतो तोच मागून एक म्हातारी आली. डोक्यावर सीताफळांची टोपली, पायात झिजलेली स्लिपर, मागे एक शेळी. दगडांकडे न बघता ती चार पावलांत पार झाली. शेळीनं तर दगडांचीही पर्वा केली नाही. म्हातारीनं आमचा अवतार पाहिला आणि बायकोला धीर दिला, "डरो मती बेन, इमें तो छोरा-छोरी न्हावे हे."

पोरं आंघोळ करतात त्या पाण्याकडे बघत मी खाकरलो. म्हणालो, "पावसाळ्यात फार अवघड असतं इथे."

बायको म्हातारीशी बोलत पुढे निघून गेली. टेकडीचा चढ त्या दोघी कशा चढल्या ते मी मागून पाहत होतो. जिला मी सहा वर्षं "झेपणार नाही" म्हणत होतो, ती डोक्यावर टोपली असलेल्या बाईच्या पावलाला पाऊल लावून, बोलत, न थांबता चालली होती. मला मध्ये दोनदा टेकावं लागलं.

वर म्हातारीनं टोपली उतरवली आणि आम्हाला तीन सीताफळं दिली. पैसे घेईना. बायकोनं खोरं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून तिनं सीताफळ फोडलं आणि खायला लागली.

"अरे आई," लेक पटकन म्हणाली, "तू कशी खातेयस? बाबा तर अजून वरच आहेत!"

"आज खाते," बायको म्हणाली आणि बिया तळहातावर गोळा करू लागली.

मला काही कळेना. मी लेकीला विचारलं, "म्हणजे काय?"

"तुम्हाला नाही माहीत? संडेला तुमचा फोन येईपर्यंत आई काहीच खात नाही. चहा पण नाही. फोन आला की मग पोहे टाकते."

हातातलं सीताफळ मी खाली ठेवलं. सहा वर्षांचे रविवार. मी टपरीवर दुसरी प्लेट मागवत होतो तेव्हा ही घरात उपाशी, घड्याळाकडे बघत. भांड्यांचा तो आवाज म्हणजे तिचा दिवस सुरू होण्याचा आवाज होता. मी तो पेपर वाचता वाचता दीड-दीड तास पुढे ढकलत होतो. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. मला खरोखर त्या टेकडीवरून दिसेनासं व्हावंसं वाटलं.

उतरताना ओढ्यापाशी मी हात पुढे केला नाही. बायको एकटीच पार झाली, मागे वळूनही न बघता.

संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे गेली. बायको मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच विचारलं, "एकटं जायचं होतं ना तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मग तसं सांगायचं. मी काय पदर धरून मागे लागले असते?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अहो, मी देवापुढे बसायचे. आज पाय सटकू देऊ नको यांचा, म्हणून."

मग मी उरलेलंही सांगितलं, कुत्र्याचं आणि टपरीचं. "खाली आल्यावर मी आधी खायचो. मग फोन करायचो."

तिचा मेथीवरचा हात थांबला. "जिलबीसुद्धा?"

"हो."

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही. तिनं देठ वेगळे काढले, पानं वेगळी ठेवली. मी म्हणालो, "मग ओढ्यापाशी माझा हात का धरलास? तुला तर दिसलंच असणार."

"लेक होती ना समोर," ती म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

तो आठवडा मी तोंड लपवत काढला. लेकीसमोर तिनं माझी लाज राखली होती. ती तशी राखलेली लाज मला सोसवेना. निदान लेकीला तरी आपण होऊन खरं सांगायचं, असं ठरवलं. पुढच्या रविवारी सायकल बाहेर काढली नाही. बायको भाजी आणायला गेली होती. लेक कानात इअरफोन घालून गणितं सोडवत होती. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तो ओढा," मी म्हणालो, "ती वाट अवघड नव्हती. कधीच नव्हती. मी खोटं सांगत होतो."

तिनं एक इअरफोन काढला. "मालूम है, बाबा."

"कधीपासून?"

"तिथेच. मी बोलणारच होते, ये क्या है म्हणून. आईने मागून माझा कुर्ता ओढला. मग इशारा केला, हात धर म्हणून." ती वहीच्या कोपऱ्यात पेन फिरवत राहिली. "घरी आल्यावर मी तिला विचारलं, आपण ॲक्टिंग का केली. ती म्हणाली, राहू दे, बाबांना वाईट वाटलं असतं."