न खपलेल्या गाड्यांचे हार

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतो. त्याच्या तांड्यावरून पुतण्या बोलत होता. "काका, दादा गेले... बाळापूरच्या स्टँडवर. एसटीची वाट पाहू राहिले होते, तिथंच बसले अन् मग उठलेच न्हाईत." मी फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता, संतापाचा होता. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना गाड्या विकल्या, कळमनुरी तालुक्यातल्या निम्म्या जीपगाड्या ज्याच्या हातून गेल्या, तो सुदाम जाधव एसटीची वाट बघत मेला. ही वेळ त्याच्यावर कुणी आणली हे मला माहीत आहे. वारंगा फाट्यावर पानटपरीवाल्यापर्यंत सगळ्यांनाच माहीत आहे. पण बोलत कुणी नाही. म्हणून मी लिहितोय.

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा तो आखाडा बाळापूरच्या बाजारात जुन्या जीपगाड्यांची दलाली करायचा. पांढरा शर्ट, कानात भिकबाळी, आणि आवाज असा की बैलबाजारातले बैलसुद्धा मान वळवून बघत. "आमचा आजा बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडला, मी त चाकावर बसून धंदा करू राहिलो, म्हंजे आमी सुधारलोच की," असं तो हसत सांगायचा. त्याची विकायची तऱ्हा उलटी होती. गाडीची खोड तो स्वतःच आधी सांगायचा. "हिचा गिअर तिसऱ्याला रुसतो. हॉर्न वाजत न्हाई, रडतो. बाकी गाडी बराबर हाय. घ्यायची त घ्या." गिऱ्हाईक चक्रावून जायचं आणि हटकून गाडी घ्यायचं. सौदा ठरला, गिऱ्हाईकानं इसार म्हणून नारळ हातावर ठेवला, की सुदाम झेंडूचा हार आणून स्वतःच्या हातानं गाडीला बांधायचा. मग ती गाडी मुहूर्तापर्यंत तिथंच उभी राहिली तरी चालायचं. हार बांधलेल्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक हात लावायचं नाही. सुदामचा हार म्हणजे गाडी खपली, हे बाजारात पक्कं झालं होतं.

पुढं नांदेडच्या एका मोठ्या गाडीविक्रेत्यानं वारंगा फाट्यावर, माझ्या बॅटरीच्या दुकानासमोरच, यार्ड काढलं आणि सुदामला तिथं बसवलं. त्या मालकाचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर माझं लिहिणं बाटेल. वर्षामागून वर्षं बरी गेली. दसऱ्याला किती गाड्या खपतील आणि किती मागं राहतील, याचा अंदाज कंपनीला सुदाम द्यायचा. तो काही मोठा हिशोबी नव्हता. वसमतच्या हळदीला काय भाव आहे, सिद्धेश्वरच्या धरणात पाणी किती, गुत्तेदारांची बिलं निघाली का, एवढं विचारायचा आणि डोळे मिटून बोलायचा. बऱ्याचदा जमायचं. पण चुकायचाही, आणि चुकला की दोन दिवस माझ्या दुकानाकडं फिरकायचा नाही. एवढा मानी.

त्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या. मालकानं त्या कंपनीकडून उचलल्या तेव्हा सुदाम हरखून गेला होता. "हिंगोलीतले समदे डॉक्टर रांग लावतेत का न्हाई बघ!" मी म्हटलं, अरे, ही गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण ऐकेल तर शपथ. पहिली गाडी आली तेव्हा फाट्यावर जत्रा जमली. सुदामनं चावी फिरवली, आणि काहीच आवाज नाही. एका म्हाताऱ्यानं बॉनेटला कान लावला. "आवाज न्हाई त आत इंजिन हाय कशावरून?" सुदाम त्याला बॅटरीचं शास्त्र समजावत बसला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "समदं खरं हाय बापा, पर बंद पडली त कळंल कसं?" आम्ही पोट धरून हसलो. सुदामसुद्धा हसला. ते शेवटचं मनमोकळं हसणं.

कारण त्याच वर्षी मंदी आली. अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणून वारंग्याला गाड्या खपायच्या का थांबाव्यात, हे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. पण थांबल्या खऱ्या. कर्ज देणारी माणसं टेबल-खुर्ची उचलून निघून गेली. डॉक्टर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू लागले. नांदेडच्या शोरूममध्ये लाज वाटेल एवढा माल साठला, तेव्हा मालकानं तो आणून आमच्या फाट्यावर लपवला. उभ्या उभ्या बॅटऱ्या उतरू लागल्या. मी रोज चार्जिंगचं यंत्र घेऊन त्या रांगांतून फिरायचो. मागं सुदाम, हातात फडकं. कंपनीनं विचारलं, दसऱ्याला किती गाड्या पडून राहतील, अंदाज कळवा. सुदामनं या खेपेला हळदीचा भावही विचारला नाही. मालकाला सरळ सांगितलं, "शेठ, जवळपास समद्याच राहतेत. कंपनीला खरं सांगा, नवा माल पाठवू नगा म्हणा."

मालकाला ते परवडणारं नव्हतं. ज्याच्याकडं माल पडून, त्याची एजन्सी काढून दुसऱ्याला देणार, अशी कुणकुण त्याला लागली होती. खंडेनवमीला कंपनीचे साहेब मोजणीला येणार होते. आदल्या दिवशी मालक टेम्पोभर झेंडू घेऊन आला. मी यार्डातच होतो, माझ्या कानांनी ऐकलंय.

"सुदाम, सगळ्या गाड्यांना हार बांध. पुढच्या चार-दोन तेवढ्या मोकळ्या ठेव."

"शेठ, सौदा झाल्याबिगर हार बांधत न्हाई मी. तुमाला म्हाईत हाय."

"एजन्सी गेली तर यार्ड बंद होईल. वॉचमन, धुणारी पोरं, ड्रायव्हर... सगळ्यांच्या चुली विझतील. तुझ्या तत्त्वासाठी."

तिकडं ती माणसं गाड्या पुसत होती, त्यांच्याकडं सुदामनं एकदा पाहिलं. मग खाली बसला आणि झेंडू ओवायला घेतला. मी म्हटलं, "सुदाम, काहून करतो हे?" तो मान वर न करता म्हणाला, "तू बॅटऱ्या बघ."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पिवळ्याधमक रांगा बघून खूश झाले. मालक म्हणाला, "उद्या दसरा, मुहूर्तावर गिऱ्हाईकं घेऊन जातील." साहेबांनी मोकळ्या गाड्या तेवढ्या मोजल्या. पण माणूस अनुभवी असावा. जाता जाता सुदामकडं वळले. "जाधव, आमच्याकडं तुमचं नाव आहे. तुम्ही सांगा, हार घातलेल्या सगळ्या गेल्या?" सुदाम म्हणाला, "व्हय साहेब." एवढंच. पंधरा-सोळा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून खोटा शब्द मी ऐकला तो हा एक.

ज्या यार्डात मंदीतही गाड्या खपतात तिथं कंपनी माल पाठवणारच. दिवाळीनंतर ट्रकमागून ट्रक येऊन उतरले. गाड्यांच्या चाकांना गवत चढलं, उंदरांनी वायरी कुरतडल्या, आणि सुकलेले हार वाऱ्यानं उडून हायवेपर्यंत आले. उन्हाळ्यात साहेब पुन्हा आले, या वेळी रागानं लाल होऊन. मालकानं हात जोडले आणि सगळ्या नोकरांसमोर सांगितलं, "हे सगळं या जाधवचं काम. मी नांदेडला बसतो, मला काय ठाऊक? विश्वास ठेवला, हीच चूक." मी रस्ता ओलांडून गेलो आणि साहेबांना म्हटलं, मालक खोटं बोलतोय, झेंडू यानंच आणला होता. साहेबांनी माझ्या ऑइलनं माखलेल्या हातांकडं पाहिलं. "तुम्ही कोण? बॅटरीवाले? तुम्ही मध्ये पडू नका." ज्या माणसांच्या चुलीसाठी सुदामनं हार ओवले, त्यांतला एकही पुढं झाला नाही. सगळे चाकांकडं बघत उभे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी समोर झालेली पाहिली. एजन्सी मालकाकडंच राहिली. सुदामला त्याच दुपारी काढलं.

तो पुन्हा बाळापूरच्या बाजारात उभा राहिला, जुन्या गाड्या घेऊन. पण आता तो खोड सांगू लागला की लोक डोळे मिचकावायचे. "सुदामदादा, हार खरा हाय का?" पोरंटोरं त्याला 'हारवाला' म्हणू लागली. एकदा माझ्याकडं चहाला आला तेव्हा म्हणाला, "मी आता खरं बोललो तरी ते ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं रे... मंग बोलावं तरी काहून?" मी त्याला म्हटलं, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. त्यानं स्वतःची जीप विकली, बाजार सोडला, आणि कुठं जायचं झालं की स्टँडवर जाऊन उभा राहू लागला.

तेरवीला मालक आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आणि ड्रायव्हरच्या हातात झेंडूचा हा एवढा हार. सुदामच्या फोटोला घालायला त्यानं तो उचलला, आणि लीलावहिनी, ज्या नवऱ्यासमोरही कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत, त्या आडव्या आल्या. "थांबा शेठ. खोटा हार ह्यांनी एकदा बांधला, तो जल्माला पुरला. आधी ह्या चार माणसांत खरं काय ते बोला. मंग घाला." सगळा तांडा ऐकत होता. मालक म्हणाला, "वहिनी दुःखात आहेत," आणि हार ड्रायव्हरकडं देऊन निघून गेला.

परवा दसरा झाला. मी आपट्याची पानं आणि एक साधा हार घेऊन तांड्यावर गेलो. फोटो तसाच होता, भिकबाळी, पांढरा शर्ट, गळा मोकळा. फोटोच्या दोन्ही बाजूंना खिळे मात्र ठोकून ठेवलेले. मी हार पुढं केला तर वहिनी म्हणाल्या, "तुमचा खोटा न्हाई भाऊ, मला ठावं हाय. पर ठिवा तिथं. ह्यांची रीत हाय, सौदा झाल्याबिगर हार न्हाई. शेठ बोलंल त्या दिशी घालू."

"अन् न्हाई बोलला तर?"

"त राहू द्या ह्यांना तसंच."

मी सोनं फोटोपुढं ठेवलं, हार ताटात ठेवला आणि घरी आलो. मालक अजून बोललेला नाही.