नव्व्याण्णवांजवळ कोण थांबलं?

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी बायकांची प्रार्थनासभा असते आणि तिथे पाळीपाळीने साक्ष द्यावी लागते. प्रभूबद्दल कुणाला सांगितलं, त्यातून काय आनंद मिळाला, हे उभं राहून बोलायचं. आमच्या पाळकबाई रिक्षात, बँकेच्या रांगेत, मेथीची जुडी निवडतानाही येशूची गोष्ट सांगून येतात, आणि आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही. मी मात्र बारामतीत तीस-बत्तीस वर्षं परिचारिका म्हणून काढली. कुणाची शीर शोधायची असेल तर एका झटक्यात शोधीन, पण विश्वासाबद्दल दोन शब्द बोलायचे म्हटले की माझी दातखीळ बसते. माझी पाळी आली की मी कुणाच्या तरी आजारपणासाठी प्रार्थनेची विनंती करायचे आणि पटकन खाली बसायचे. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला पाळकबाई हसत म्हणाल्या, "सिस्टर, पुढच्या वेळी विनंती नको हं, साक्ष हवी." त्या हसल्या खऱ्या, पण मला ते लागलं. जो आनंद सगळ्यांना मिळतो तो मलाच का मिळत नाही, माझ्या विश्वासातच काही खोट आहे का, असा भुंगा डोक्यात शिरला.

त्याच दिवसांत मी आठवड्यातून दोनदा कळसला एका म्हाताऱ्यांच्या पायाची मलमपट्टी करायला जात होते. निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांकडे अशी कामं करते मी. लासुर्ण्यापर्यंत एसटी आणि पुढे सीटा भरल्या की निघणारी वडापची जीप. या तात्यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागे काढलं होतं. पुढे मुलांनी शेती धरली, मेंढरं विकली, आणि तात्या ओट्यावर बसले. साखरेच्या आजाराने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. बोटं काढली तर पाय वाचेल, उशीर केला तर पायही जाईल आणि कदाचित तात्याही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तात्यांचं एकच पालुपद, "सगळ्या बोटांनिशी आलोय, सगळ्या बोटांनिशी जानार." त्यांची सून सुनीता समजावून समजावून थकली होती. तिचा नवरा बापापुढे बोलत नव्हता.

पट्टी करताना मी मनात प्रार्थना करते. जुनी सवय आहे, ओठ हलतात एवढंच. एके दिवशी तात्यांनी विचारलं, "शिष्टर, काय पुटपुटताय?" मी खरं ते सांगितलं. मग मला वाटलं, आली, माझ्या साक्षीची वेळ आली! समोर मेंढपाळ बसलेला आणि माझ्याकडे हरवलेल्या मेंढराची गोष्ट. मी मोठ्या उत्साहाने सांगितली. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, धनी नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकामागे जातो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन आनंदाने परततो. देव आपल्याला तसा शोधत असतो, असंही पुढे जोडलं.

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग पोट धरून हसले. "आवो, नव्व्याण्णव रानात सोडून येकामागं जातंय व्हय कुनी? माघारी येस्तवर लांडग्यानं धा फाडल्याली असतील. तितं दुसरं मानूस पायजेच. गोष्ट चांगली हाय, पर त्या नव्व्याण्णवाजवळ कोन थांबलं हुतं, ते तुमी सांगितलंच न्हाय."

लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली गोष्ट, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सामान आवरून निघाले तर सुनीता अंगणात वाट पाहत उभी. "येक इचारू का शिष्टर? राग मानू नका. तुमी पट्टी कराया येताय का आमाला बाटवाया?" बाटवायला नाही, असं मी म्हणाले, पण चेहरा कानापर्यंत तापला. जीपमध्ये बसल्यावर तो प्रश्न मी स्वतःलाच विचारला. मी गोष्ट तात्यांसाठी सांगितली की शनिवारच्या सभेसाठी? दुखण्यात अडकलेल्या माणसापुढे आपला देव काढणं बरं की वाईट? आणि न सांगणं हे भित्रेपण की सभ्यता? काहीच ठरेना. रविवारी पाळकसाहेबांना तात्यांचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, दाखला म्हणजे बोधकथा, तिच्यात सगळे तपशील नसतात, सिस्टर. उत्तर बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. पुढच्या दोन खेपांना मी कळसला नुसती पट्टी केली आणि ओठ घट्ट मिटून ठेवले. तिसऱ्या बोटाच्या बुडाशीही काळपटपणा दिसू लागला होता. पुढच्या चार-सहा दिवसांत निर्णय झाला नाही तर पाय हातचा जाणार, हे मला दिसत होतं.

दिवाळी उरकली आणि मेंढरांचे कळप चराईसाठी बाहेर पडू लागले. एका सकाळी कळसच्या अलीकडे कळपाने रस्ता अडवला. जीप थांबली, ड्रायव्हरने तंबाखू काढली. मी खाली उतरले. रस्त्याच्या कडेला एका बाईने एक मेंढी आडवी पाडून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या बाईचा नवरा चाकूने मेंढीचं कुजलेलं खूर कोरत होता. वास मला ओळखीचा होता. मेंढी मात्र निपचित पडलेली, डोळे उघडे.

"दुखत नाही का तिला?" मी विचारलं.

"दुखतंय की," ती बाई म्हणाली. "पर धरनारं मानूस असलं की सोसती. येकट्याच्यानं हे काम व्हत न्हाय बाई. येकानं कापायचं, येकानं धरायचं."

नवऱ्याने पुस्ती जोडली, "कोरलं न्हाय तर मरंल की."

एवढंच बोलणं झालं. कळप पुढे गेला, तीही दोघं गेली. मी त्यांचं नावगाव विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते. जीपमध्ये बसले तेव्हा मला रडू येत होतं आणि ते कशाचं, हेही समजत नव्हतं.

तात्यांना मी पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. देवाचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्या सवताच्या हातानं किती खुरं कोरली, मोजदाद न्हाय." आणि विचारलं, "कोनी धरलं हुतं तिला?"

"एका बाईने."

"मंग तुमी येनार का, मला धराया?"

"येईन."

"अन् त्ये पुटपुटनं?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलली ठसक्यातच, "पुटपुटायचं तर मोट्यानं पुटपुटा, शिष्टर. म्हंजी आमालाबी कळंल काय मागताय त्ये."

दुसऱ्याच दिवशी तात्यांना बारामतीला आणलं. सुनीताने घरून आणलेला खंडोबाचा भंडारा त्यांच्या कपाळाला लावला आणि मी त्यांचा हात धरून सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना केली. मोठे शब्द सुचलेच नाहीत. प्रभू, यांना भीती वाटते आहे, मलाही वाटते आहे, तू जवळ राहा, एवढंच म्हणाले. कमरेखाली बधिर करून ऑपरेशन झालं. जुन्या ओळखीमुळे मला आत उशाशी उभं राहू दिलं होतं. तात्यांचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं. ते निपचित होते, डोळे उघडे ठेवून. तीन बोटं गेली, पाय वाचला.

चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर आतून तात्यांचा आवाज येत होता. शेजारच्या खाटेवर बावड्याचे एक आबा होते, त्यांचंही ऑपरेशन ठरलं होतं आणि तेही अडून बसले होते. तात्या त्यांना सांगत होते, "शंबर मेंढरं हुती. येक हारपलं. मंग धन्यानं काय केलं, बाकीची बायकूच्या हवाली केली अन् ह्यो निगाला हुडकाया. सापडलं तर त्ये चालंना. हारपल्यालं मेंढरू चालत न्हाय आबा, भ्यानं खाली बसतं. मंग घेतलं खांद्यावर. देव हाय त्यो धनी. ह्यी शिष्टरची गोष्ट हाय, पर जरा दुरुस्त केलीया." मी दाराआडच थांबले. इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरावा लागला. ज्या आनंदाबद्दल मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं तो हाच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. माझी गोष्ट माझ्या हातून सुटून गेली होती आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली जात होती.

पुढच्या प्रार्थनासभेत मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. एका मावशींनी विचारलं, "मग त्यांनी प्रभूला स्वीकारलं का?" मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. तात्यांच्या कपाळावर आजही भंडारा असतो आणि पट्टी करताना मी गप्प राहिले तर ते "हं, पुटपुटा" म्हणून आठवण करून देतात. याला साक्ष म्हणायचं की नाही, त्यांना मी काही दिलं की त्यांनीच मला दिलं, हा गोंधळ अजून सुटलेला नाही. पूर्वी अशा गोंधळाने मला झोप लागली नसती. आता मी तो देवापाशी ठेवते आणि लासुर्ण्याची एसटी पकडते.

गेल्या आठवड्यात तात्यांनी पुन्हा विचारलं, "काय शिष्टर, नव्व्याण्णवाजवळ कोन थांबलं, कळलं का?" मी नाही म्हटलं. पण तेव्हापासून माझी प्रार्थना बदलली आहे. प्रभू, हरवलेल्याला शोधायचं तुझं तू बघ, ते मला जमत नाही. तू येईपर्यंत मी इथे बसते. कुणाचं डोकं मांडीवर घ्यायचं, तेवढं मला सांग.